अंगठ्याएवढा काळा चौकोन

बाळ माझ्या डाव्या दंडावर झोपतं, त्यामुळे माझं सगळं काम उजव्या अंगठ्याचं. मोठ्या नणंदेचं, ताईंचं, छोटंसं गेस्ट हाऊस आहे आणि तिथल्या बुकिंगचा फोन माझ्याकडे असतो. खोली हवी असलेली माणसं आपापल्या कार्डाचा फोटो पाठवतात. मी तो कामाच्या ग्रुपवर टाकते, म्हणजे पाहुणा आला की काउंटरवर कार्ड जुळवता येतं. जुळवायला नाव आणि शेवटचे चार आकडे पुरतात. बाकीच्यांवर मी काळा चौकोन ओढते. तो वाकडा येतो, पण घट्ट येतो.

हे काम मला जिवापाड हवं आहे. बाळ झाल्यापासून दिवसाचा एवढाच तुकडा असा आहे, ज्यात मला कुणी ‘दूध प्यायलं का’ असं विचारत नाही.

त्या दिवशी सकाळीच ताईंनी स्वतःच्या कार्डाचा फोटो ग्रुपवर टाकला होता. पडद्याच्या दुकानाकडून परत यायचे पैसे कुठल्या कार्डावर घ्यायचे, ते दाखवायला. आकड्यांवर मार्करचा काळा फराटा मारला होता. मी सवयीने तोही एडिटिंगमध्ये उघडून बसले, तर बाळाने कुशीतून हात बाहेर काढून स्क्रीनवर सपकन बोट ओढलं. उजेड वाढवायची पट्टी सरकली, फराटा फिकट पडला आणि खालून एकेक आकडा वर आला, गढूळ पाणी निवळल्यावर तळाचे खडे दिसावेत तसा. फोनमधला मार्कर कितीही काळा दिसला तरी आरपार असतो.

मी आधी त्या इवल्याशा ओल्या बोटाची पापी घेतली. मग लगेच ताईंना फोन केला, तर “नंतर गं!” आणि कट.

दुपारी त्यांचाच फोन आला.

“अगं, एकेका फोटोला किती वेळ? संध्याकाळी बस भरून माणसं यायचीत!”

“झाकून टाकतेय, ताई. आणि तुमचा सकाळचा फोटो...”

“पुरे ती रंगरंगोटी! कुणी आलंच नाही तर रद्द केल्याचे पैसे कशातून कापू? माझ्या कपाळातून? आहेत तसे टाक.”

“पैसे आधी भरायची लिंक पाठवू ना. ग्रुपवर ड्रायव्हर आहेत, धोबी आहे, मागच्या वर्षी सोडून गेलेला आचारीसुद्धा आहे.”

“आचारी काय कार्ड तळून खाणार आहे? टाकायचे नसतील तर सांग, येऊन फोन घेऊन जाते.”

मी समोरच्या फोटोकडे पाहिलं. एका आजींनी कार्डाच्या दोन्ही बाजू पाठवल्या होत्या, मागच्या तीन आकड्यांसकट. कडेला त्यांचा सुरकुतलेला अंगठा होता, कार्ड गच्च धरलेला. खाली लिहिलं होतं, ‘नीट दिसतंय ना, बाळा?’

“या,” मी म्हटलं. “मी नाही टाकणार.”

बोलून गेले. बाळाची झोप मोडू नये म्हणून फोन हळूच मांडीवर ठेवला.

ताई चपला न काढताच आत आल्या. “दे फोन.”

“घ्या. पण फोटो तुम्हालाही असे टाकू देणार नाही. प्रत्येक पाहुण्याला कळवीन.”

“मला धमकी? कालपर्यंत तोंडातून शब्द फुटत नव्हता!”

“आता फुटलाय. हळू बोला, बाळ उठेल.”

मग मी त्यांचाच फोटो उघडला आणि अंगठ्याने पट्टी सरकवली. फराटा विरला. ताई वाकल्या. त्यांचे ओठ हलायला लागले. स्वतःचे आकडे त्या स्वतःच मनात वाचत होत्या.

“हे... सकाळपासून आहे तिथे?”

“हो. तो तुम्हालाच काढता येईल. काढा, पण तेवढ्याने भागायचं नाही. आधी बँकेत सांगून कार्ड बंद करा.”

ताई खाटेच्या कडेवर टेकल्या, फोटो काढून टाकला आणि बँकेला फोन लावला. पलीकडे नुसतीच धून वाजत राहिली. तेवढ्यात त्यांनी एका पायाने दुसऱ्या पायातली चप्पल सरकवली.

“तुझा नवरा म्हणालाच होता, तू हट्टी आहेस म्हणून.”

“बरोबर म्हणाले.”

कार्ड बंद झालं. ताई उठल्या, पण बुकिंगच्या फोनला त्यांनी हात लावला नाही.

“त्या आचाऱ्याला मी काढते ग्रुपमधून,” दाराशी जाऊन त्या म्हणाल्या. “आणि तुझे ते चौकोन... बस यायच्या आत होतील ना?”

“हा झोपून राहिला तर होतील.”

“आणि उठला तर?”

“तर बस थांबेल, ताई.”

त्यांनी डोळे वटारले. मी नजर खाली घेतली नाही. दार लोटून त्या गेल्या, हळूच, आवाज न करता.

मी आजींचा फोटो उघडला. चौकोन ओढताना त्यांचा अंगठा तेवढा झाकला जाऊ नये, याची काळजी घेतली. मग उत्तर लिहिलं, ‘दिसतंय, आजी. आता फक्त आपल्या दोघींनाच. पुढच्या वेळी मलासुद्धा दाखवू नका.’