वाघ्याच्या पोटातलं दुसरं यकृत

लातूर नवा जिल्हा झाला होता. पाट्या नव्या, कचेऱ्या नव्या. नळ मात्र कोरडे ठाक. अशा दुष्काळात प्रयोगाच्या कुत्र्यांसाठी टँकरचं पाणी येई आणि ते सगळ्या गावाच्या डोळ्यांवर येई. म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, गुरुपादप्पा साहेबांनी, डॉक्टर सिंधुला स्पष्टच सांगितलं होतं, "आधीची कुत्री गेली. हाही गेला, तर कुत्र्यांच्या शेडला कुलूप."

'हा' म्हणजे वाघ्या. त्याच्या यकृताचा रक्तपुरवठा तोडून सिंधुनंच त्याला मरणाच्या दारात नेलं होतं आणि मग दुसऱ्या कुत्र्याच्या यकृताचा तुकडा जुन्याच्या शेजारी जोडला होता. जुनं काढायचं नाही. त्याला उसंत मिळाली की ते पुन्हा कामाला लागेल, तोवर नव्यानं घर सांभाळायचं, एवढाच सगळा खटाटोप. वाघ्याच्या डोळ्यांत बघताना सिंधुला अपराधी वाटे, म्हणून ती त्याच्याशी जास्तच लाडात बोले. तो उठून पातळ भात चाटू लागला, तरी तिनं शेड सोडलं नाही.

त्याच दिवसांत गावाकडं, लोह्यात, घरची विहीर आटली आणि तिची आई नागुबाई कोंबडी काखोटीला मारून लातूरला आली. लेकीची हाडं वर आलेली बघून तिनं कोंबडी शिजवली. लेक घरी फिरकेना, तेव्हा भरदुपारी डबा घेऊन शेडवर गेली. सिंधु खुर्चीत गाढ झोपलेली. वाघ्यानं शेपटी हलवली आणि नागुबाईनं डबा उघडला.

संध्याकाळी वाघ्या भिंतीला डोकं लावून झिंगू लागला. यकृत गेलं, शेड गेलं, सगळं गेलं.

"दुपारी तर बरा व्हता की," नागुबाई म्हणाली. "रस्सा चाटूनपुसून खाल्ला त्यानं."

"माय! त्याला कोंबडीचा रस्सा चालत न्हाई! यकृत कच्चं हाय, रश्श्याचं विष डोक्यात चढतं!"

"मला काय ठावं? आजाऱ्याच्या म्होरं डबा उघडून तुला एकटीलाच कसं वाढावं?"

दोघींनी मिळून त्याचं पोट साफ केलं, साखरेचं सलाईन लावलं. नागुबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. काही केल्या हलेना.

सकाळी साहेब आले, तेव्हा वाघ्या चार पायांवर उभा राहून रिकामा डबा हुंगत होता. सिंधुनं सगळं कबूल केलं. साहेबांनी वाकून वाघ्याचे डोळे तपासले.

"मागच्या एकाही कुत्र्यानं हे सोसलं नसतं," ते म्हणाले. "हा सावरला, म्हणजे यकृत काम करतंय. मुद्दाम असा रस्सा पाजायची माझी तर हिंमत झाली नसती, नागुबाई."

कुलूप टळलं. पुढं पोट उघडून बघितलं तर वाघ्याचं स्वतःचं यकृत लालबुंद भरून आलेलं आणि शेजारचं सुकून एवढंसं झालेलं. सिंधुनं ते अलगद काढून घेतलं. वाघ्या आता स्वतःच्या यकृतावर जगणार होता, आणि शेडमध्ये सिंधु आनंदानं रडली.

जखम भरली तशी नागुबाई दारात येऊन उभी राहिली.

"आता चालतो का गं रस्सा त्याला?"

"हाव माय, चालतो."

ती आधीच शिजवून आली होती. वाघ्या जिभल्या चाटत पुढं सरकला, पण तिनं पहिली वाटी लेकीच्या हातात दिली.

"आधी तू खा. कवाची वाट बघून राहिले मी."