बारसं न झालेली डिस्क

बाबांची हार्ड डिस्क दुपारी कॉम्प्युटरवर दिसेनाशी झाली, आणि तिच्या पाठोपाठ त्यांची खुर्चीही. खुर्ची खोलीतच होती. खिडकीकडे जाताना तिच्यावर माझा गुडघा आपटला, आणि दुखायच्या आधी मला बरं वाटलं.

घशाचं ऑपरेशन होण्यापूर्वी बाबांनी आपला आवाज त्या डिस्कवर भरून ठेवला होता. डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते. बाबांनी निरोपाचं काही म्हटलं नाही. ‘चहा झाला का’, ‘पंखा बारीक कर’, ‘कोण आलंय बघ’ अशी घरात लागणारी वाक्यं ते सावकाश बोलले, आणि माझं नाव वेगळं, म्हणजे ते कुठल्याही वाक्याआधी लावता येईल. ऑपरेशननंतर ते बटण दाबून बोलत. ते गेल्यावर बटण मी दाबू लागले. त्या आवाजाची दुसरी प्रत नव्हती.

कॉम्प्युटरवाल्या पाटणकरांना फोन लावला.

“दिवा लागतोय?”

“लागतोय.”

“हात ठेवून बघा. फिरतेय?”

मी डिस्कवर तळवा टेकवला. आत बारीक घरघर होती. “फिरतेय.”

“मग आहे हो ताई. फक्त दिसत नाही. कॉम्प्युटर प्रत्येक डिस्कला एक अक्षर देतो. ते अक्षर गेलं की दाखवत नाही. दोघींना एकच अक्षर मिळालं, तर एकीलाच दाखवतो. मी नवी केबल घेऊन येतो. तोवर तो विचारत राहील, फॉरमॅट करू का म्हणून. नाही म्हणायचं. हो म्हणालात तर मला नका बोलावू, भटजींना बोलवा.”

“ते येऊन गेले.”

पलीकडे पाटणकरांच्या किल्ल्या वाजल्या. “निघतोच,” म्हणाले.

मी वायर काढून दुसऱ्या खाचेत लावली. दारामागचा खिळा गेला, त्याला अडकवलेला बाबांचा सदराही गेला. हात घातला तेव्हा बोटांना सुती कापड लागलं. वायर पुन्हा पहिल्या खाचेत लावली. त्यांचा चष्मा गेला. पडद्यावर प्रश्न आला : डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायला हवी, करू का? मी ‘नाही’वर दाबलं. समोरची भिंत वीतभर पुढे आली. प्रश्न पुन्हा आला. मी पुन्हा नाही म्हटलं आणि पाय जवळ घेतले.

बाबांची धाकटी बहीण, वत्सूआत्या, आली तेव्हा खोली एवढीशी उरली होती की ती आडवी होऊनच आत शिरली. हातात घुगऱ्यांचा डबा होता.

“केवढी गं अडचण,” ती म्हणाली, आणि न चाचपडता बाबांच्या खुर्चीवर बसली. खालची खुर्ची दिसत नसल्यामुळे ती अधांतरी वाटत होती. “काय झालंय?”

“डिस्कचं अक्षर गेलंय. म्हणून दिसत नाही.”

“मग बारसं कर की. घुगऱ्या मी उगीच आणल्यात?”

“बाबांना वर्ष व्हायचंय अजून.”

“जन्मलेलं काय वर्षभर बिननावाचं ठेवतात? आण इकडे. दादाचीच ना ही? मग मी आत्या. मान माझा.”

“मग माझी ती कोण?”

“धाकटी बहीण. आता तरी नीट वाग, एकुलती एक म्हणून फार लाडावलीस.”

आत्याने पिशवीतून टोपडं काढून डिस्कला घातलं. दिवा टोपड्यातून निळा दिसत होता. मग तिने पदर सावरला, वायरच्या खाचेला तोंड लावलं आणि म्हणाली, “कुर्रर्र.”

मी घुगऱ्यांचा डबा उचलून बाजूला ठेवला.

“अगं, पाठीत गुद्दे कोण घालणार? बायका जमल्यात का इथे? तूच घाल.”

मी हळूच गुद्दा घातला.

“जेवली नाहीस का? जोरात. नाहीतर नाव लागत नाही.”

मी जोरात घातले. आत्या वाकून कुजबुजली, मग ताठ झाली आणि तिने नाव मोठ्याने सांगितलं.

“हेमांगी.”

“आत्या, ते माझं आहे.”

“मला तेवढंच येतं,” ती म्हणाली. “मी जन्मात एकच बारसं केलंय.”

आत्याच्या खाली खुर्ची आली. दारामागे सदरा लटकला, चष्म्याच्या काचा चकाकल्या, भिंती एकेक करून आपापल्या जागी गेल्या. पडद्यावर डिस्क दिसत होती आणि तिच्याखाली माझं नाव होतं.

“दिसली बघ!” आत्या म्हणाली, आणि वळली. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागच्या कपाटाकडे. “अगं, गेलीस कुठे?”

“इथेच आहे.”

“घुगऱ्या गार होतील,” ती स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडली.

मी बटणावर बोट ठेवलं. बोट दिसलं नाही, बटण दबलेलं दिसलं.

“हेमांगी,” बाबा म्हणाले.

सगळं होतं. शेवटचा स्वर थोडा ओढलेला, नावाआधी घसा खाकरलेला. मी इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला, तेव्हा टेबलावरचे कागद हलले. कुणी माझ्याकडे बघून डोळे पुसणार नव्हतं, कुणी मी खाल्लं का ते चेहऱ्यावरून ताडणार नव्हतं. अंग हलकं होतं आणि किंचित गरम.

“कोण आलंय बघ,” बाबा म्हणाले. ते बटण मी दाबलं नव्हतं.

बेल वाजली. मी दार उघडलं. पाटणकर माझ्यातून आत पाहत उभे होते.

“दार उघडं टाकून ताई कुठे गेल्या?”

“होती हो आत्ता इथेच,” आत्या म्हणाली. “माझ्या पाठीला विचारा.”

पाटणकर थबकले. त्यांनी हात पुढे करून हवा चाचपली, माझ्या मनगटापाशी आल्यावर तळवा टेकवला आणि मान तिरकी करून ऐकलं.

“फिरतेय,” ते आत्याला म्हणाले. “काही काळजी नाही.”

मग त्यांनी नव्या केबलचं पाकीट दातांनी फोडलं, आणि दुसऱ्या हाताने माझ्या कानामागे खाच शोधू लागले.