पाव नंबर

“काका, गाडी अजून किती वर्षं ठेवणार आहात?”

टायरवाला पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. त्याने टायरवरून अंगठा फिरवला, कुठे खाच लागली नाही म्हणून तोंडाने च्यक् केलं आणि मान वर करून हा प्रश्न टाकला.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. सगळी गल्ली त्यांना चष्मेवाले म्हणायची. पाटीवरचं खरं नाव वाचण्याच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. उभा जन्म त्यांनी एका अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलण्यात काढला होता. “हे बरं की हे? आता? आणि आता?” विचारायचं काम त्यांचं, निवडायचं काम समोरच्याचं. समोरचा गोंधळला की ते गालातल्या गालात हसायचे. दोन काचांमधली एक सांगायला माणसाला एवढा घाम का फुटावा, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. आज कळत होतं.

“नाही, म्हणजे गाडी चार-पाच वर्षं चालवणार असाल तर हे चांगले घाला,” टायरवाल्याने भिंतीशी रचलेल्या नव्या टायरांवर थाप मारली. “मग बघायलाच नको. पण वर्षभरात काढूनच टाकणार असाल तर उगाच कशाला खर्चात पडताय? माझ्याकडे वापरलेले आहेत. एखादं वर्ष ओढतील आरामात.”

एखादं वर्ष ओढतील.

चष्मेवाल्यांनी नकळत दुकानाच्या आत बघितलं. पंख्याखालच्या बाकावर त्यांची बायको पर्स मांडीवर घेऊन बसली होती. गाडीपासून बाकापर्यंत चालत जायला तिला मधे एकदा थांबावं लागलं होतं. ही गाडी आता तिच्यासाठीच होती. दवाखान्यात न्यायची, दवाखान्यातून आणायची, की पुन्हा कव्हर घालून दारात उभी. मुलगी फोनवर म्हणायची, “बाबा, विका ते खटारं, टॅक्सी करत जा.” पण टॅक्सीत हिला मागे बसावं लागतं, मागे बसली की हिला गुदमरतं, आणि टॅक्सीवाल्याला हळू चालव म्हटलं की तो आणखी जोरात चालवतो. म्हणून खटारं होतं.

डॉक्टर वाईट माणूस नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट असता तर रागावता तरी आलं असतं. हिला आत कपडे बदलायला पाठवून त्याने यांना कॉरिडॉरमध्ये बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, “हृदय फार थकलंय त्यांचं. एक वर्ष मिळालं तर आपण पुष्कळ मिळालं म्हणू.” मग तो पुढच्या पेशंटकडे गेला. चष्मेवाले तिथेच उभे राहिले, आणि एक झाडूवाला त्यांना वळसा घालून फरशी पुसत पुढे गेला.

चष्मेवाल्यांची कामातली एक जुनी रीत होती. कुणाचा एकदम मोठा नंबर निघाला की ते तो पुरा कधी सांगायचे नाहीत आणि पुरा द्यायचेही नाहीत. आधी हलका चष्मा द्यायचा. काही दिवसांनी पाव वाढवायचा, मग आणखी पाव. डोळ्याला सवय होत जाते, पायाखालची जमीन हलत नाही आणि माणूस घाबरत नाही. आता डॉक्टरचं बोलणंही त्यांनी घरी तसंच आणलं. “जरा थकवा आहे म्हणाले.” पुढच्या खेपेला, “जरा जास्त जपायला सांगितलंय.” त्याच्या पुढच्या खेपेला, “गोळ्या वाढवल्यात, बाकी ठीक.” पुरा नंबर मात्र त्यांच्यापाशीच राहिला होता आणि रात्री कूस बदलली की तो टोचायचा.

आणि आता हा टायरवाला विचारत होता. वापरलेले टायर घ्या म्हणावं, तर डॉक्टरचं आपण मान्य केलं असं झालं. चांगले घ्यावेत, तर कुणाच्या डोळ्यांत धूळ फेकायची? स्वतःच्याच. त्यांनी नव्या टायरवर हात ठेवला, मग जुन्यावर ठेवला, आणि दोन्ही हात काळे करून घेतले.

“टायरचं सावकाश ठरवा,” टायरवाला समजुतीने म्हणाला. “तोवर बाकीचं सांगा. काही किरकोळ कामं?”

इथे चष्मेवाल्यांची जीभ मोकळी झाली. “डावीकडची काच वर जात नाही, नुसतं हँडल फिरतं. डावा दरवाजा खाली आलाय, उचलून लावावा लागतो. डावी सीट मागे रेलत नाही. आणि डाव्या बाजूला खालून काहीतरी खडखडतं.”

“सगळं डावीकडचंच? उजवीकडे काही नाही?”

“उजवीकडचं चालतंय.”

टायरवाल्याने उजवीकडच्या वायपरचं रबर दोन बोटांनी उचललं. ते त्याच्या हातातच आलं. पावसात चष्मेवाले मान तिरकी करून काचेच्या एका कोपऱ्यातून रस्ता बघत. आयुष्यभर जगाला नीट दिसावं म्हणून राबलेला माणूस स्वतः असा गाडी हाकतो हे कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं.

तेवढ्यात बायको उठून बाहेर आली. दाराच्या चौकटीला हात टेकून थांबली, दम जागेवर आला तशी म्हणाली, “काय ठरलं?”

“ठरतंय.”

“केव्हाची बघतेय. एकदा ह्या टायरला हात लावताय, एकदा त्या. लग्नाला हो म्हणताना एवढा वेळ नव्हता लावलात.”

“काकू, मी एवढंच विचारलं,” टायरवाला म्हणाला, “की गाडी किती दिवस ठेवणार. त्यावर ठरतं ना सगळं.”

आपण जिथल्या तिथे विरघळून जावं असं चष्मेवाल्यांना झालं. ते घाईघाईने म्हणाले, “आपण मधले घेऊ. मध्यम.”

“मधले असं काही नसतं काका. एक तर टिकतात, नाहीतर नाही टिकत.”

बायको हसली. हसण्यालाही तिला श्वास लागायचा, म्हणून ती हल्ली थोडंसंच हसायची. “ह्यांना सगळं मधलं लागतं,” ती म्हणाली. “तुम्ही चांगले घाला. चारही.”

“अगं पण गाडी जुनी आहे.”

“असू दे जुनी.”

पुन्हा काही विचारायला नको म्हणून की काय, टायरवाला जॅक आणायला आत गेला. दोघंच राहिली. रस्त्यावरून एक पाण्याचा टँकर गळत गळत चालला होता. बायको त्याच्याकडे बघत म्हणाली, “गाडी तुम्ही चालवणार आहात. माझ्या हिशोबाने कशाला टायर घेताय?”

“तुझ्या कसल्या हिशोबाने?”

“अहो, पुरे आता. इतके दिवस मला पाव पाव नंबर वाढवून सांगताय. मला पहिल्याच दिवशी सगळं दिसलं होतं.”

“डॉक्टर बोलले तुझ्याशी?”

“डॉक्टर कशाला बोलायला हवेत? तुम्ही कॉरिडॉरमधून आत आलात आणि खाली वाकून माझ्या चपला सरळ करून ठेवल्यात. इतक्या वर्षांत कधी ठेवल्या होत्या?”

त्यांना ते आठवतही नव्हतं. एवढी मोठी गोष्ट लपवायची म्हणून जिवाचा आटापिटा केला आणि ती चपलांनी फोडली होती.

“मला वाटलं, एकदम नको,” ते म्हणाले. “सवय होईल हळूहळू.”

“मलाही बरं वाटत होतं, म्हणून गप्प बसले. रोज कुणीतरी आपल्यासाठी एवढं जपून खोटं बोलतंय, कुणाला नाही बरं वाटणार? पण मला सवय झाली हो. तुम्हालाच होत नाहीये.”

चष्मेवाल्यांना रडू आलं. भर दिवसा, भर रस्त्यावर, आपल्याच गाडीपाशी उभं राहून रडायचं कसं हे त्यांना समजेना. खिशात रुमाल होता, पण हात काळे होते. ते तसेच हात अंगापासून लांब धरून उभे राहिले. काहीतरी करता यावं असं त्यांना फार वाटत होतं आणि करण्यासारखं काही नव्हतं. शेवटी तिनेच त्यांच्या खिशातून रुमाल काढला, आणि टायरवाला येताना दिसला तसा घाईने त्यांच्या चष्म्याखाली फिरवून परत कोंबला.

मग कॉम्प्रेसर घरघरायला लागला आणि बोलणं थांबलं. एकेक चाक निघालं, एकेक नवा टायर चढला, चाकं मशीनवर फिरवून तोल बघितला गेला, रिमवर शिशाचे तुकडे चिकटले. बायको बाकावर जाऊन बसली आणि तिथूनच तिने टायरवाल्याला हाक मारली.

“त्यांच्या बाजूचा वायपर बदला आधी. मान वाकडी करून चालवतात.”

“काकांनी डावीकडचंच सांगितलंय.”

“माझ्याकडचं राहू द्या. काच उघडी असलेलीच बरी मला.”

“तिच्याकडचं आधी,” चष्मेवाले म्हणाले.

टायरवाल्याने एकदा काकूंकडे बघितलं, एकदा काकांकडे. “दोन्हीकडचं करतो,” तो म्हणाला.

निघायच्या वेळी तो खिडकीपाशी आला. “काका, गाडी पुढून जड असते, त्यामुळे पुढचे टायर आधी झिजतात. थंडी संपली की एकदा घेऊन या. पुढचे मागे टाकतो, मागचे पुढे घेतो. तेवढं केलंत की चारही बरोबरीने चालतील. विसरू नका.”

चष्मेवाल्यांनी मान डोलावली आणि किल्ली फिरवली.

“थांबा,” बायको म्हणाली. “ऐकलंत का तो काय म्हणाला?”

“ऐकलं की.”

“काय म्हणाला?”

“थंडी संपली की आणायची.”

“कुणी?”

ते समोर बघत राहिले. नव्या वायपरने पुसलेल्या काचेतून रस्ता पार वळणापर्यंत दिसत होता.

“मी,” ते म्हणाले.

“आणून काय करायचं?”

“पुढचे मागे. मागचे पुढे.”

“आता पहिल्यापासून सांगा एकदा.”

चष्मेवाल्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मधे एके ठिकाणी त्यांचा आवाज फुटेना, तेव्हा ती घाई न करता थांबून राहिली.