जरीचा तुकडा

साक्षीनं सूक्ष्म कण टिपणाऱ्या डिटेक्टरचा शेवटचा स्क्रू काढला आणि आतला तांब्याचा पातळ पडदा दोन्ही हातांनी उचलला, अर्धापूरला तिचे बाबा केळीचा घड उतरवतात तसा, कुठं डाग लागू न देता. पडद्याला केसाहून बारीक भोकं, लाखोंनी. त्यातून गेलेल्या कणाची खूण उमटावी म्हणून संशोधनाचं अख्खं वर्ष ती या पडद्यापुढं श्वाससुद्धा जपून घेत होती. आणि खंडेनवमीपासून त्यात नुसत्या ठिणग्या उडत होत्या.

लातूरच्या त्या कॉलेजात गुन्हेगार केव्हाच ठरला होता. विभागप्रमुख भागवत सर म्हणाले, झाडलोट करणाऱ्या नागाबाईनं पूजेला यंत्रावर कुंकू वाहिलं, तिला कामावरून काढा. वा रे न्याय! बाई गरीब, म्हणजे हात तिचाच मळका.

"म्या बाहीरच्या चौकटीला लावलं, ताई. आत पाय बी न्हाई टाकला," नागाबाई सांगून थकल्या होत्या. आता पिशवी घेऊन त्या व्हरांड्यात बसून होत्या.

साक्षीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्याच दिवशी संस्थेचे पाहुणे बुटांसकट या स्वच्छ खोलीत शिरले होते. सरांचा सत्कार, शाल, श्रीफळ, उघड्या डिटेक्टरपुढं फोटो. बाहेर करा, म्हणून तिनं हात जोडले होते.

"दोन मिनिटांनी काय होतंय?" सर म्हणाले होते.

तिनं पडदा मायक्रोस्कोपखाली सरकवला. एका जागी काहीतरी चकाकलं. नीट पाहून ती उठली आणि सरांना बोलावून आणलं.

सर एसीच्या केबिनमधून आले ते तीच शाल पांघरून.

"शाल बाहेर ठेवा, सर."

त्यांनी ती नाइलाजानं नागाबाईंच्या हातात दिली आणि आत येऊन मायक्रोस्कोपला डोळा लावला. भोकांवर आडवा पडलेला सोनेरी धाग्याचा तुकडा, भोवती ठिणग्यांचे काळे डाग. कुंकवाचा कण नव्हता कुठं.

"चिमट्यानं काढून टाक," ते हळूच म्हणाले. "सोमवारी हा चाचणीला जायचाय."

"आणि मावशी?"

"त्यांचं नंतर बघू."

साक्षीनं चिमटा उचलून ॲप्रनच्या खिशात घातला.

"मग हेही नंतर बघू, सर."

व्हरांड्यात नागाबाई शालीची घडी घालत होत्या. घालता घालता त्यांनी काठ बोटानं चाचपला.

"सर," त्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "तुमच्या शालीच्या काठाची जर निघायलीय. सुई-दोरा हाय माझ्यापाशी. जायच्या आधी टाका घालून देऊ का?"