डावी चप्पल, नंबर चौदा

खरेदीच्या शेवटच्या दिवशी सकुआत्याचं भात केंद्रावरून माघारी गेलं. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आत्ता चार वाजलेत, वजनकाटा पाचला बंद होतो आणि काहीही बिघडलेलं नाही.

मुरबाडकडच्या आमच्या भातखरेदी केंद्रावर रांगेत माणसं उभी राहत नाहीत, चपला राहतात. सकाळी चप्पल ठेवायची, नंबर घ्यायचा, घरी भाकरी खाऊन यायचं. केंद्राच्या सॉफ्टवेअरच्या मॉडेलमध्ये, म्हणजे मी सांभाळतो त्या आराखड्यात, हे सगळं ‘शेतकरी’ नावाच्या एकाच चौकटीत कोंबलेलं होतं: नाव, सातबारा, पोती, चप्पल, चपलेवर लक्ष कोण ठेवतंय. दिसायला घाण, पण चालायचं.

शहापूरच्या ऑफिसात माझा साहेब हरेशदादा म्हणाला, “प्रणित, मॉडेलच्या तपासणीत डिझाइनचे एकतीस दोष निघालेत. शून्य कर. दर्जाचे गुण पण वाढव.”

मी चौकट फोडली. दोष घटले, पण चौकटींमधल्या रेघांचं जाळं झालं आणि दर्जा घसरला. परत जोडल्या, दर्जा चढला, दोष आले. तीन दिवस मला जेवण गेलं नाही. मग दिसलं, माणूस आणि चप्पल दोघांचा नंबर एकच. म्हणजे एकच नोंद दोनदा. आधी आलेली ठेवली, नंतरची उडवली. दोष शून्य, दर्जा शंभरात सत्त्याण्णव. हरेशदादाने ऑफिसातून आजच चार वाजता ते केंद्रावर चढवलं, आणि मला बघायला केंद्रावर पाठवलं होतं.

तेरा जणांचं जुन्यावर मोजून झालं होतं. चौदावी आत्या, शेवटची. तिची चप्पल सहाला नोंदली गेली होती. ती स्वतः भाकरी खाऊन आल्यावर, नऊला.

“प्रकार चप्पल, डावी,” खिडकीतली रुपा स्क्रीन वाचत म्हणाली. “सातबारा नाय.”

“सातबारा माझा हाय गो.”

“तुमी यात नायच, आत्या. चप्पल हाय.”

“मंग तिलाच इचार, लावणी कंच्या शेतात केली.”

बावीस पोती. पुढची खरेदी पुढच्या वर्षी, आणि आत्याच्या घरात तेवढी जागा उंदरांनासुद्धा नाही. ती पोत्यावर बसली, एका पायात चप्पल घालून माझ्याकडे बघत. मी हरेशदादाला फोन लावला.

“जुनं परत टाकतो, दादा.”

“येडा का रे? एकतीस दोष परत येतील. मी वर शून्य कळवून बसलोय. चपलेला सातबारा मिळतो का बघ.”

चार चाळीस झाले. मी कागद मागितला.

मा. तहसीलदार साहेब,
विषय: चपलेस सातबारा मिळणेबाबत.
महोदय, अर्जदार (चप्पल, डावी) हिचे नाव सकुबाई यांच्या जमिनीस आज सायंकाळी पाचपूर्वी लावण्यात यावे. उजव्या चपलेची हरकत नाही, याची नोंद घेऊन तसे आदेश व्हावेत, ही विनंती.