ओट्याखालचा दगड

टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या संत्र्यांना तीन दिवसांत कुणाचा हात लागला नव्हता. आता तर त्यांच्याकडे नुसतं पाहणंही एखाद्या बाजूला झुकल्यासारखं झालं असतं. सिव्हिल लाइन्समधल्या त्या सभागृहात दोन शेजारी देश समोरासमोर बसले होते, एक डोंगरातला, एक मैदानातला. त्यांच्यामधून वाहणाऱ्या लहानशा नदीचा पाणीकरार उद्या संपणार होता.

"दोन उन्हाळे आम्हाला पाणी कमी मिळालं," मैदानातल्या देशाच्या शिष्टमंडळाचे प्रमुख ऋषिकेश देवतळे म्हणाले. "आकडे खोटं बोलत नाहीत."

"पाणी आम्ही पूर्ण सोडलं," डोंगरातल्या देशाचे वयस्क अभियंता थापासाहेब हिंदीत म्हणाले. "म्हणजे खोटं आम्ही बोलतो, असंच ना?"

देवतळ्यांनी आकड्यांचा कागद टेबलावरून पुढे सरकवला.

टेबलाच्या टोकाला दीक्षा गजभिये बसली होती. देवतळ्यांच्या बाजूची, जलमापन विभागातली सर्वांत तरुण अधिकारी. तिने आकडे पुरवायचे, बोलायचं इतरांनी. तिची नजर एकाच रकान्यावर खिळली होती. सीमेवरच्या पुलाजवळ पाण्यात मोजपट्टी उभी होती आणि तिच्यावरची पातळी रोज सकाळी आठला लिहिली जाई. करारात ठरल्यापेक्षा पंधरा सेंटीमीटर कमी. फाल्गुनात पंधरा, वैशाखातही पंधरा. टंचाई इतकी शिस्तीची कधीपासून झाली? पाणी रोज निराळं असतं. रोज तीच राहते ती फक्त मोजणाऱ्याची चूक.

आणि मोजणारा कोण, हे तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी पुरात वाहून गेलेल्या पट्टीच्या जागी नवी बसवली होती नत्थू गजभिये यांनी, निवृत्तीआधीच्या शेवटच्या महिन्यात. तिच्या वडिलांनी. 'एकतीस वर्षांत एकही नोंद चुकली नाही' असं लिहिलेलं मानपत्र याच शहरातल्या, सक्करदऱ्याच्या घरात बुद्धाच्या तसबिरीखाली टांगलेलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने व्हरांड्यातून फोन लावला.

"बाबा, नवी पट्टी बसवताना माप कुठून धरलं होतं?"

"कुठून म्हणजे? पुलाजवळच्या खुणेच्या दगडावरून. तू जेवली का वं?"

"दगड दिसत होता?"

पलीकडे पंख्याची घरघर ऐकू आली. "त्याच्यावर नावाड्यायनं ओटा बांधला होता. नदीले दिवा लावाले. मी ओट्यावरूनच माप घेतलं. म्हटलं, कोणाच्या दिव्याची जागा कशाले फोडू?"

"किती उंच होता ओटा?"

"असन वीतभर. नाही, वीतभरही नसन…" बोलता बोलता ते थांबले. उभं आयुष्य पाणी वाचण्यात घालवलेल्या माणसाला पुढचं वाचायला वेळ लागला नाही. "ओट्याची उंची वजा कराचीच राहून गेली. पट्टी तेवढी वर बसली वं. म्हणून पाणी कमी दिसून राहिलं."

दीक्षाच्या मनात आलं, फोन ठेवावा. उद्या करार संपेल, दोन्ही देश एकमेकांना चोर म्हणत घरी जातील, आणि मानपत्र भिंतीवर राहील.

"काहून गप्प झाली?"

"बाबा, तुमचं नाव येईल."

"येऊ दे. नदीपरीस माह्यं नाव मोठं हाय का? सांगून टाक. मी वही घेऊन येऊनच राहिलो तिथं."

"इतक्या उन्हात?"

"ऊन ऑटोले लागन, मले कशाले लागते?"

बैठक पुन्हा सुरू झाली तेव्हा ती उभी राहिली.

"तुम्हाला बोलायला सांगितलेलं नाही," देवतळे खालच्या आवाजात म्हणाले.

तरी ती बोलली. ओटा, दगड, रोजचे तेच पंधरा सेंटीमीटर. सगळं एका दमात. "दोन्ही देशांच्या माणसांनी मिळून तो ओटा उकलावा. दिव्याची जागा शेजारी पुन्हा बांधून द्यावी. दगड पंधरा सेंटीमीटर खाली निघाला, तर पाणी पूर्णच आलं होतं. कमी होतं ते आमचं मोजमाप."

"पट्टी बसवली कुणी?" थापासाहेबांनी विचारलं.

"माझ्या वडिलांनी."

थापासाहेबांची नजर तिच्यावरून दाराकडे गेली. काचेच्या दारापलीकडे, व्हरांड्यातल्या बाकावर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक म्हातारा येऊन बसला होता. डोक्याला दुपट्टा, गुडघ्यांवर जुनी वही, आणि वहीवर दोन्ही हात, निकाल ऐकायला आल्यासारखा.

देवतळ्यांनी घसा साफ केला. "थापासाहेब, करार पुढे न्यायचा, की आमच्याविरुद्ध तक्रार करायची? इतिवृत्तात तुमचं म्हणणं काय लिहू?"

थापासाहेब कितीतरी वेळ काचेपलीकडे पाहत राहिले. मग खुर्ची मागे सारून ते उठले, टेबलावरची दोन संत्री उचलली, आणि दार ढकलून त्या बाकाकडे चालू लागले.