थेंबातले राक्षस

सुकापूरच्या सोसायटीचा हॉल खच्चून भरला होता. भिंतीवर भला मोठा टीव्ही, टेबलावर त्याला जोडलेला सूक्ष्मदर्शक, त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याचं एकेक मातीचं बोळकं आणि त्यामागे सूक्ष्मानंद महाराज. घरचं पाणी बाटलीत भरून आणायचं, महाराज त्याचा थेंब टीव्हीवर दाखवणार आणि माणसाचा गण सांगणार. थेंब स्वच्छ निघाला तर देवगण. एखादा ठिपका वळवळला तर मनुष्यगण. गर्दी दिसली की राक्षसगण! पत्रिका खोटी निघेल, पण थेंब खोटा निघणार नाही म्हणे.

मिताली करंजाड्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. मागच्या मंगळवारी तिने भर सभेत विचारलं होतं, "महाराज, यातला अमिबा कुठला?" लगेच तिच्या घरच्या पाण्यात राक्षस निघाले आणि प्रितेशशी ठरलेलं तिचं लग्न टांगणीला लागलं.

आज फेरपरीक्षा होती. होणाऱ्या सासूबाई सखूबाई पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. शेजारी प्रितेश, मान खाली घालून.

महाराजांनी ड्रॉपर डाव्या बोळक्यात बुडवून 'शुद्ध' केला आणि मितालीच्या बाटलीतला थेंब काचेवर टाकला. टीव्हीवर एकच धावपळ उडाली.

"बघा माऊली! हा चपलेसारखा, लक्ष्मी घालवणारा. हा हिरवा, शेपटीवाला, सासूवर उलटणारा. आणि हा पाय पसरतोय ना, हा घर गिळणार! एकवीस मंगळवार शांती करावी लागेल."

"अगो बाय!" सखूबाईंनी पदर तोंडाला लावला. "आमाला असली सून नाय पायजे!"

मितालीला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग आला होता. "काकू, ते बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आहे, त्यात जीव नसतातच. सकाळीच गॅरेजमधून आणलंय."

तिने पर्समधून त्याच पाण्याची दुसरी सीलबंद बाटली काढून सखूबाईंच्या हातात दिली. "ही तुम्हीच फोडा." मग शाळेचा कोरा ड्रॉपर, कोरी काच, नवा थेंब. टीव्हीवर नुसता पांढरा गोल. आता तिने महाराजांचा ड्रॉपर डाव्या बोळक्यात बुचकळला आणि त्याच बाटलीतला थेंब टाकला. राक्षस हजर!

महाराजांच्या तोंडचं पाणी पळालं.

"या बोळक्यात दुर्वा कुजतायत," मिताली म्हणाली. "तळ्याच्या पाण्यात आठवडाभर ठेवल्या की असले एकपेशीय जीव भरपूर वाढतात. ज्याला देवगण द्यायचा, त्याच्या वेळी ड्रॉपर उजव्या बोळक्यात, साध्या पाण्यात. चपलेसारखा तो पॅरामेशियम. हिरवा तो युग्लीना, झाडासारखा उन्हावर जगतो आणि प्राण्यासारखा पळतो. त्याला कुठे बसवायचं यावर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडले, शेवटी जुने गट मोडून नवे केले. एका पेशीच्या जीवाचा एवढा विचार होतो हो! आणि मला तुम्ही एका थेंबात राक्षस ठरवलंत?"

महाराजांना अचानक कोन गावच्या भक्तांची आठवण झाली. ते वायरी गुंडाळू लागले.

सखूबाई ओशाळल्या. "मंग तू देवगणातलीच हाय गो! लग्नाची पत्रिका छापायला टाकू."

मितालीने प्रितेशला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

प्रितेशने आईकडे पाहिलं.

"काकू, शास्त्रात आणखी एक विभागणी आहे," मिताली म्हणाली. "कणा असलेले आणि कणा नसलेले. आधी तुमच्या मुलाचं ठरू दे, मग पत्रिकेचं बघू."

ती बाटली उचलून निघाली. आणि वाचकहो, तुमच्या दारी कुणी असा थेंब दाखवायला आला, तर हात जोडण्याआधी त्याला ड्रॉपर बदलायला सांगा.